पाठीमागचे अक्षर

सातपुड्याच्या घाटातून छिंदवाड्याकडे चढणारी आमची छोटी गाडी २०१५ च्या अखेरीस थांबली. नागपूर, सावनेर, सौसर, रामाकोना अशी ती अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून रमतगमत येत असे. त्या शेवटच्या दिवसांत ज्याच्या त्याच्या हाती मोबाईल होता; किती छायाचित्रे निघाली असतील, गणतीच नाही. आज त्या मार्गावर ब्रॉडगेजची गाडी धावते. छोट्या गाडीचे एखादे चित्र वर्गात दाखवावे म्हणून आम्ही सहकाऱ्यांकडे विचारणा केली, तेव्हा बहुतेकांचे उत्तर एकच आले: "तो मोबाईल बदलला, सर."

आमच्या घरी मात्र त्या गाडीची तीन चित्रे आहेत. वडिलांजवळ अ‍ॅग्फाचा क्लिक-थ्री कॅमेरा होता. त्याचे तंत्र ते काय! एक खटका, आणि ऊन व ढग यांच्या खुणा असलेली एक कळ. पाठीमागच्या तांबड्या खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत चाक फिरवावयाचे. एका रोलमध्ये चौरस चित्रे बारा. कधी परदेशी फिल्म मिळे, कधी उटीच्या सरकारी कारखान्यातली 'इंदू'. पंढरपूरची वारी असो की जामसावळीच्या हनुमंताचे दर्शन, सारा प्रवास बारा चित्रांत बसवावयाचा. त्यामुळे वडील तासन् तास हिंडत आणि कॅमेरा पेटीतून बाहेर काढीतच नसत. आम्हां मुलांना त्याचा भारी राग येई. रोल धुण्यासाठी नागपूरला जाई, महिन्याभराने पाकीट येई, आणि त्यातल्या दोन-तीन चित्रांत नुसता उजेड!

त्या तिनांपैकी एका चित्रात आमची आजी फलाटावर उभी आहे. पदर कपाळापर्यंत, नजर कॅमेऱ्याऐवजी गाठोड्यावर. आजीचे दुसरे छायाचित्र नाही. मागे वडिलांच्या अक्षरात लिहिले आहे, 'ती. सौ. आई, सौसर स्टेशन'. भोपाळला वाढलेल्या आमच्या पुतण्याने ते वाचले आणि निरागसपणे विचारले, "काका, सौ माँ?" घरात हशा पिकला. पण 'सौभाग्यवती' त्याला उलगडून सांगताना, आणि मग 'तीर्थरूप' सांगताना, आमचे हसू हळूहळू ओसरले. लिपी तीच राहते आणि शब्द निसटतात, हे परप्रांतात संसार केलेल्या वाचकांना आम्ही काय सांगावे?

म्हणून जुने तेच सोने म्हणण्यास मात्र आम्ही तयार नाही. ज्या काळाचे आम्ही वर्णन केले त्या काळी संत्र्यांच्या बागेत मजुरी करणाऱ्याच्या घरी छायाचित्र असे कुठे? आज त्याच घरातील आई बाळाचे पहिले पाऊल टिपून ठेवते. हे थोडे नव्हे. कोडॅक कंपनीत १९७५ साली स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. एक काळेपांढरे चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास त्याला २३ सेकंद लागत. फिल्मच्या जोरावर मोठ्या झालेल्या त्याच कोडॅकने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. यंत्रांचे असे चालावयाचेच. आमची काळजी यंत्राची नाही.

गेल्या पावसाळ्यात आठवीतील एक मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही. चौकशीअंती कळले की तिच्या दिवंगत वडिलांची सारी छायाचित्रे आईच्या मोबाईलमध्ये होती आणि तो पाण्यात पडला. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. कागदावर एकही प्रत नव्हती. शिक्षकांनी नातेवाइकांना फोन लावले. अखेर काटोलला झालेल्या मावशीच्या लग्नात कुणीतरी काढलेल्या चित्रात वडील सापडले: पंगतीच्या मागे, हातात वरणाची बादली, चेहरा अर्धा वळलेला. आम्ही ते पांढुर्ण्याच्या एका स्टुडिओत मोठे करून कागदावर उतरवून घेतले. चित्र हाती येताच मुलीने ते उलटे केले आणि मागे काय लिहावे ते विचारले. नाव, गाव आणि साल, आम्ही म्हणालो. तिने वर 'बाबा' असे लिहिले, खाली 'काटोल' लिहिले, आणि साल आईला विचारण्यासाठी ती घरी गेली.