कल्याणच्या बंदरापासून उलव्याच्या धावपट्टीपर्यंत

डोंबिवलीकराच्या घरात दोन घड्याळे असतात, असे आमच्या महाविद्यालयातले एक सहकारी नेहमी म्हणतात. एक लोकलचे आणि दुसरे विमानाचे. लोकलचे घड्याळ मिनिटावर चालते. आठ-अकराची गाडी धरायची तर आठ-बाराला फलाटावर पोचून उपयोग नाही. विमानाचे घड्याळ मात्र प्रहरावर चालते. पहाटे अडीचचे विमान असेल, तर आदल्या संध्याकाळी सात-साडेसातलाच मोटार दारात उभी हवी. वाटेत शिळफाटा आहे, ऐरोली आहे, पवईची कोंडी आहे आणि या सगळ्यांहून मोठी अशी आपल्या मनातली धास्ती आहे. मुंबईहून दुबई विमानाने तीन तासांची. डोंबिवलीहून निघालेला उतारू विमानात बसेपर्यंत त्याच्या दुप्पट वेळ खर्ची घालतो आणि त्याबद्दल कुरकुरही करीत नाही. कुरकुर करायची सवय लोकलनेच मोडून टाकली आहे!

म्हणूनच ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा आमच्या भागात त्याची चर्चा एखाद्या घरच्या कार्यासारखी झाली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, नाताळच्या सकाळी, बंगळूरहून आलेले पहिले प्रवासी विमान तेथे उतरले आणि पाण्याच्या फवाऱ्यांची कमान करून त्याचे स्वागत झाले. सुरुवात देशातल्या देशात होणाऱ्या उड्डाणांनी झाली, तीही आरंभी सकाळी आठ ते रात्री आठ एवढ्याच वेळात. पण आमच्या मंडळींचे लक्ष त्याच्या पलीकडे होते. "लंडनचे विमान कधी सुटणार?" "न्यूयॉर्कचे?" "सिंगापूरचे तरी?" भाजीवाल्याच्या गाडीपासून ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यापर्यंत हेच प्रश्न.

बाहेरच्या माणसाला या उत्सुकतेचे हसू येईल. ठाणे, कल्याण, डोंबिवली म्हणजे मुंबईला कामाला जाणाऱ्यांची झोपायची गावे, त्यांना लंडनशी काय करायचे आहे, असे त्याला वाटेल. पण या गावांचा परदेशाशी संबंध मुंबईपेक्षा कितीतरी जुना आहे. कान्हेरीच्या लेण्यांत ज्यांनी दाने दिली, त्यांत कल्याणचे व्यापारी आहेत. त्यांची नावे शिलालेखांत आजही वाचता येतात. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे आणि तो मोठा गमतीचा आहे. पूर्वी हे रीतसर बाजारपेठेचे बंदर होते, पण पुढे राज्यकर्ता बदलला, अडवणूक सुरू झाली आणि चुकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो अनामिक लेखक सांगतो. पावसामुळे मुंबईचे विमान अहमदाबादला वळवले की आपण चडफडतो. कल्याणला येणाऱ्या उतारूंनी हे दुःख एकोणीसशे वर्षांपूर्वीच भोगले आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने कल्याणहून पितळ, लाकूड आणि कापड बाहेर जाते अशी नोंद केली. तेराव्या शतकात मार्को पोलोने ठाण्याचे वर्णन केले, त्यात तिथल्या कातड्याचा आणि सुती कापडाचा व्यापार आहे. पुढे १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि कल्याणच्या खाडीत जहाजे बांधायला काढली. आज दुर्गाडीवर उभे राहून खाडीकडे पाहिले की हे सारे याच पाण्यात घडले यावर विश्वास बसत नाही.

मग हे बंदर गेले कुठे? खाड्या गाळाने उथळ होत गेल्या, जहाजे मोठी होत गेली आणि व्यापार मुंबईच्या खोल पाण्याकडे सरकला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंत आली. १८५४ च्या मे महिन्यात ती कल्याणला पोचली. ज्या गावांकडे जग येत असे, त्या गावांतून आता लोक रोज सकाळी बाहेर जाऊ लागले आणि रात्री झोपण्यापुरते परत येऊ लागले. आगगाडीने आमच्यावर उपकार केले यात शंका नाही. पण तिने वाहतुकीची दिशा बदलून टाकली, हेही खरे.

कल्याणच्या परदेशगमनाची गोष्ट आनंदीबाई जोशी यांच्याशिवाय पुरी होत नाही. त्यांचा जन्म १८६५ सालचा, कल्याणचा. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला पोचल्या. जवळजवळ दोन महिन्यांचा प्रवास, वय अवघे अठरा, सोबतीला घरचे कोणी नाही. १८८६ मध्ये वैद्यकीची पदवी घेऊन त्या परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्याला त्यांचे देहावसान झाले. वर्गात मी त्यांच्याविषयी बोलतो, तेव्हा मुली पुढे सरकून बसतात. त्यांच्यातल्याच काहींनी जर्मनीचे नाहीतर आयर्लंडचे अर्ज भरलेले असतात. दोन महिन्यांची वाट आता एका दिवसावर आली आहे. निरोप देणाऱ्या आईच्या पोटातला खड्डा मात्र तेवढाच खोल आहे.

या अंतराचे आकसणे आमच्या डोळ्यांसमोर झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एका छोट्या विमानाने जुहूला उतरले. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान मुंबईहून कैरो, जिनीव्हा असे थांबत लंडनला गेले. १९६० च्या मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. पुढे सहारची इमारत झाली आणि २०१४ साली मोरपिसांच्या नक्षीची नवी इमारत उघडली. पण इमारत कितीही देखणी केली तरी मुंबईच्या विमानतळाची मूळची अडचण जमिनीतच आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन असून एका वेळी खऱ्या अर्थाने एकीचाच उपयोग. चहूबाजूंनी वस्ती, तेव्हा हातपाय पसरायला जागा नाही. अशा ठिकाणी २०२४-२५ या वर्षात सुमारे साडेपाच कोटी प्रवाशांची ये-जा झाली. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात बारा पाहुणे, असा हा संसार!

उलव्याच्या विमानतळाने या संसाराला नवी खोली मिळाली. ३७०० मीटरची एक धावपट्टी तयार आहे. तिला समांतर, तिला न छेदणारी दुसरी पुढे व्हायची आहे. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आणि सारे टप्पे पुरे झाल्यावर नऊ कोटींची. कमळाच्या पाकळ्यांवरून सुचलेली इमारत पाहून आलेले लोक तिचे वर्णन लग्नघरासारखे करतात.

पण जागा झाली म्हणजे परदेशची विमाने लगेच रांग लावतात, असे नाही. कट्ट्यावरच्या मंडळींची यात मोठी निराशा होते. कोणत्या देशाची किती विमाने यावीत, हे दोन सरकारांतल्या कराराने ठरते. दुबईचेच पाहा; त्या मार्गावर प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६५ हजार आसनांची मर्यादा २०१४ मध्ये ठरली आणि ती वाढविण्यावरून पुढे वर्षानुवर्षे घासाघीस चालली. दुसरे असे की, लांबच्या विमानाला केवळ शहरातल्या प्रवाशांवर पोट भरता येत नाही. नागपूरहून, बंगळूरहून, गोव्याहून आलेला माणूस त्याच छपराखाली उतरून लंडनच्या विमानात चढला पाहिजे. म्हणून आधी देशातल्या उड्डाणांचे जाळे विणावे लागते, मग त्याच्या जोरावर परदेशची उड्डाणे उभी राहतात. विरजण लागायला वेळ द्यावा लागतो, हे आमच्या गृहिणींना समजावून सांगायला नको.

मात्र माझ्या मते डोंबिवलीकराची खरी परीक्षा आकाशात नसून रस्त्यावर आहे. घोडबंदरला राहणाऱ्या ठाणेकराला सहारच जवळचे. उलवे त्याला मुळीच जवळ नाही. कल्याण-डोंबिवलीला मात्र नवा विमानतळ सुमारे तीस-पस्तीस किलोमीटरवर, म्हणजे नकाशात खरोखरच जवळ आला आहे. पण नकाशावर शिळफाटा हा एक लहानसा ठिपका असतो, हीच नकाशांची लबाडी आहे!

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. मुलगा टोरांटोला. काही वर्षांपूर्वी आजोबा गेले, तेव्हा त्याने मिळेल ते विमान धरले, दोन ठिकाणी बदलले आणि सकाळी सहारला उतरला. उतरल्याचा फोन आला. सगळे तयारीने थांबले. तास गेला, दोन गेले, तीन गेले. कुठेतरी एक मालमोटार उलटली होती आणि वाहनांच्या रांगा लागल्या होत्या. ऊन वर आले. जमलेले लोक चुळबुळू लागले. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "टोरांटोहून आला हो तो, पण शिळफाट्याहून येईना." मुलगा पोचला, अखेरचे दर्शनही झाले. पण त्या वाक्यात आमच्या भागातल्या विमानप्रवासाचे सारे शास्त्र आले, असे मला तेव्हापासून वाटते.

म्हणून नव्या उड्डाणांची मागणी करताना आम्ही मंडळींनी रस्त्यांची आणि रुळांची मागणी तेवढ्याच जोराने केली पाहिजे. ठाण्याहून विमानतळापर्यंत उन्नत मार्गाचा आराखडा सिडकोने हाती घेतला आहे. पारसिकच्या डोंगरातून बोगदा काढून ऐरोली ते काटई नाका जोडण्याचा प्रकल्प आहे. कल्याण-तळोजा मेट्रो आहे. उरणच्या लोकलमार्गावर विमानतळाजवळ तरघर स्थानक आहे. पण कल्याणच्या माणसाला तिथे जायला आधी ठाण्याला उलटे जावे लागते. त्या फेऱ्यातून सोडवणारा कळवा-ऐरोली रेल्वेमार्ग वर्षानुवर्षे रखडलेला आहे. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची वस्ती साडेबारा लाखांजवळ आणि ठाणे शहराची अठरा लाखांवर होती. एवढ्या माणसांची वाट सुकर झाली नाही, तर विमानतळ जवळ येऊनही लांबच राहील.

आणखी एक गोष्ट दिवाळीच्या आनंदात विसरून चालणार नाही. जिथे आज विमान उतरते, तिथे सुमारे ९० मीटर उंचीचा उलव्याचा डोंगर होता, तो कापला. उलवे नदीचा प्रवाह वळवला. कोंबडभुजे, तरघर, वाघिवली, चिंचपाडा अशी दहा गावठाणे उठली. तीन हजारांहून अधिक कुटुंबांनी घरे सोडली. या पट्ट्यातल्या जमिनीसाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकऱ्यांनी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये त्या लढ्यात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्यातूनच आले. विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे, असा आग्रह तिथले लोक का धरतात, हे त्यावरून कळते. लांब कशाला जायचे? कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात शेतकऱ्यांच्या जमिनींवर धावपट्टी झाली. युद्ध संपले, विमाने गेली, जमिनीचा वाद राहिला; २२ जून २०१७ रोजी त्याचा भडका उडाला. धावपट्टीखाली कोणाचे तरी शेत असते. ज्यांचे शेत गेले, त्यांच्या मुलांना त्या कमळाच्या इमारतीत केवळ ट्रॉल्या ढकलण्याचे काम मिळणार की मानाच्या जागा मिळणार, याची चौकशी आम्ही तिकिटाच्या दराइतक्याच आस्थेने करायला हवी.

आमच्या घरांतून माणसे परदेशी जातात, ती जाणारच. चिवडा, मेतकूट आणि गोडा मसाला तेवीस किलोंत बसवण्याची कला येथल्या आयांनी शास्त्राच्या पायरीला नेली आहे. पण जाण्याची सोय शंभर वर्षे होतच आली. मला हौस आहे ती येण्याच्या सोयीची. पूर्वी कल्याणला जग येत होते. आता निदान आमची मुले तरी यावीत आणि त्यांच्याबरोबर चार पाहुणेही यावेत, कामे यावीत, काही उद्योग इकडे यावेत. एखाद्या नरक चतुर्दशीला पहाटे तीनला विमान उलव्याला टेकावे, रस्ता मोकळा असावा आणि घरात पाणी तापेपर्यंत बेल वाजावी. उटणे भिजवलेले असतेच. कारेट फोडायला थोडा वेळ थांबले, तर कोणी रागावणार नाही.