हौशी दुरुस्ती : एका मारुती ८००चा अनुभव

मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३मध्ये भारतीय रस्त्यांवर आली आणि तिचे उत्पादन जानेवारी २०१४मध्ये थांबले. इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर असल्याने पेट्रोल कोठून येते, ठिणगी कोठे जाते, हे बोनेट उघडून डोळ्यांनी पाहता येते आणि बहुतेक भागांपर्यंत हात पोहोचतो. हौशी माणसाने दुरुस्ती शिकावी ती अशा गाडीवर. प्रस्तुत लेखक हे काम पुण्यात, अशाच एका जुन्या गाडीवर शिकला. पुढील माहिती त्या शिक्षणाच्या क्रमाने दिली आहे.

सुरुवात बिघाडातून झाली. कात्रजचा घाट चढताना गाडी मिसिंग करू लागली. पिकअप जाई, झटके बसत. एका गॅरेजमध्ये प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला. आठ दिवसांत झटके परत आले. दुसऱ्या खेपेस कॉइल बदलली, तरी फरक पडला नाही. भाग बदलत गेले, कारण मात्र सापडले नाही. निदान कारण शोधण्यापुरते तरी आपल्याला कळावे, या गरजेतून पान्यांचा पहिला संच घरी आला.

हौशी कामाला हत्यारे थोडी लागतात : रिंग पाने व फिक्स पाने, प्लग पाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज आणि मल्टिमीटर. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत मिळतात. या हत्यारांखेरीज दोन जॅक स्टँड हवेतच. गाडीबरोबर येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. तो घसरू शकतो. म्हणून गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करून, जमिनीवरच्या चाकांना ओट लावून आणि स्टँडवर टेकवूनच तिच्याखाली जावे. विजेच्या जोडण्यांना हात लावण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडावी. धन तार आधी सोडली आणि पाना बॉडीला टेकला, तर शॉर्ट होतो. ऋण तार सोडलेली असली की ही भीती उरत नाही.

पहिले काम इंजिन ऑइल बदलण्याचे. इंजिन थोडे गरम असताना ऑइल पातळ होते आणि तळाचा मळही बरोबर घेऊन येते. ड्रेन बोल्टचा वायसर नवा घालावा. फिल्टरच्या रबराला ताज्या ऑइलचे बोट लावून फिल्टर हातानेच आवळावा. जुने ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नये. डब्यात भरून, ते पुनर्वापरासाठी गोळा करणाऱ्याकडे द्यावे. या साध्या कामातून बोल्ट किती आवळावा याचा अंदाज हाताला येतो.

तो अंदाज पक्का होण्याआधी लेखकाच्या हातून एक नुकसान झाले. प्लग बसवताना पाना लगेच लावला गेला. प्लगचे आटे पोलादी, सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे. प्लग तिरका शिरला आणि हेडचे आटे कापले गेले. ते लेथवाल्याकडून दुरुस्त करून घ्यावे लागले. तेव्हापासून प्लगच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा घालून तो आधी बोटांनी फिरवण्याची सवय लागली. आटे वाकडे लागले तर नळी प्लगवर घसरते आणि धातू वाचतो. पाना शेवटी, नीट बसवण्यापुरता.

काढलेला प्लग इंजिनाची हकीकत सांगतो. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी जादा पेट्रोल किंवा कमकुवत ठिणगी सुचवते. ओले, तेलकट टोक म्हणजे सिलिंडरमध्ये ऑइल शिरत आहे. पांढरेफटक टोक पेट्रोल कमी पडत असल्याचे किंवा प्लग फार तापत असल्याचे लक्षण होय. लेखकाच्या गाडीत दोन प्लग तपकिरी होते आणि तिसरा काळा. कार्ब्युरेटर तिन्ही सिलिंडरना समाईक असल्याने संशय त्या एका सिलिंडरच्या ठिणगीकडे वळला.

ठिणगीचा मार्ग क्रमाने तपासावा लागतो. डिस्ट्रिब्युटरमधील संपर्क, म्हणजे पॉइंट, उघडले की कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातील प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. डिस्ट्रिब्युटर तो १-३-२ या क्रमाने प्लगांना वाटतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ७५ ठिणग्या पडतात. त्यामुळे पॉइंटमधील फट थोडी चुकली, तरी चढावर गाडी दमते. ही फट साधारण ०.४ ते ०.५ मिमी आणि प्लगची ०.७ ते ०.८ मिमी असते. दोन्ही फटी फिलर गेजने मोजल्या; त्या बरोबर निघाल्या.

उरल्या प्लगच्या तारा. रात्री, मोकळ्या जागेत, दिवे बंद करून इंजिन चालू केले आणि लांबूनच पाहिले. तिसऱ्या तारेतून हेडकडे निळसर ठिणगी उडत होती. रबराला चीर पडली होती. इंजिनावर भार आला की प्लगच्या फटीतून ठिणगी पडायला जास्त दाब लागतो. अशा वेळी वीज चिरेतून सोपी वाट धरते. घाटातच झटके का येत, याचा उलगडा झाला. तारांचा संच बदलला, झटके थांबले.

ब्रेकच्या कामाला वेगळी शिस्त लागते. पुढच्या डिस्कचे पॅड किती झिजले आणि फ्लुइडची पातळी किती आहे, हे घरी पाहता येते. फ्लुइड हवेतील ओलावा शोषून घेते. मानकानुसार ताज्या डॉट ३ फ्लुइडचा उत्कलनांक किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शिरल्यावरची किमान मर्यादा १४० अंश. घाट उतरताना ब्रेक तापून त्यात वाफ झाली, तर वाफ दाबली जाते आणि पॅडल खाली बसते. म्हणून हे फ्लुइड ठरावीक मुदतीने बदलावे. हवा काढण्याचे काम लेखक एका अनुभवी मिस्त्रींच्या शेजारी बसून शिकला. एकट्याने ते केले नाही. मास्टर सिलिंडर, स्टीअरिंग आणि सस्पेन्शनची स्प्रिंग ही कामे गॅरेजचीच राहिली.

प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर, बदललेला भाग आणि मोजलेली फट वहीत लिहावी. बिघाड गार इंजिनावर होतो की तापल्यावर, चढावर की उतारावर, हेही त्यात असावे. गाडी गॅरेजमध्ये द्यायची झाली, तरी मिस्त्रींना ही नोंद दाखवता येते आणि भाग बदलण्याआधी कारण शोधायला सुरुवात होते.