शॉकअपमधलं तेल

घोणसे घाट उतरून म्हसळ्यात आलं की सायकलचा पुढचा शॉकअप, म्हणजे फोर्क, अडखळतो. पावसाळ्यातल्या तांबड्या चिखलानंतर हे व्हायचंच. आज तो उघडून बसलो. आतल्या, उसळी आवरणाऱ्या डॅम्परला पातळ तेल लागतं, खालच्या नळ्यांना चिकटून राहणारं दाट. बाटलीवरच्या ‘५’, ‘१०’ आकड्यांवर माझा भरवसा नाही. कंपनीगणिक त्यांचा अर्थ बदलतो. ४० अंश सेल्सियसला सेंटिस्टोकमध्ये मोजलेला दाटपणा पाहावा.

डस्ट सीलखालची फोमची कडी तेलात भिजवताना मन रेंगाळलं. सोनेरी थेंब फोममध्ये किती सावकाश मुरतात! एवढ्याशा ओलाव्यावर धातूचं घासणं थांबतं. पण इतका गुळगुळीतपणा मला हवाय का? वाटेतले दगड हातांना कळावेत, असंही वाटतं. यावेळी डॅम्परमध्ये किंचित दाट तेल घालून दिघीपर्यंत जाऊन बघेन.