संगीतातील पीएच.डी.चा हिशेब

भोरच्या बाजारपेठेतील व्यापारी घरात मुलगी गाण्याच्या परीक्षा देते, तेव्हा साऱ्यांना कौतुक असते. तीच मुलगी संगीतात पीएच.डी. करू इच्छिते, तेव्हा मात्र घर गप्प होते. किती वर्षे, किती खर्च आणि लग्नाचे काय, हे प्रश्न मनातच राहतात. वास्तविक हिशेब विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता नकार देणे हेच अन्यायाचे.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षा म्हणजे साधनेचे भांडवल होय. तथापि पीएच.डी.साठी विद्यापीठ साधारणतः किमान ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी मागते. मंडळाची परीक्षा त्या पदवीच्या तोडीची मानली जाते का, हे संबंधित विद्यापीठाकडे आधीच विचारून घ्यावे. प्रवेश नेट अथवा प्रवेश परीक्षेतून व मुलाखतीतून मिळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार त्यानंतर किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रबंध, बाहेरच्या परीक्षकांकडून तपासणी व शेवटी मौखिक परीक्षा असा क्रम असतो. मुदत किमान तीन वर्षे, कमाल सहा. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत व २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा मिळू शकते. म्हणजे लग्न झाले की संशोधन संपले, असे नियमांना तरी वाटत नाही. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. मग घरावर भारही उरत नाही.

मात्र उत्तम गायन म्हणजे प्रबंध नव्हे. जे गळ्यात आहे त्याविषयी प्रश्न विचारून त्याचे उत्तर पुराव्यानिशी लिहावे लागते. पुण्यात जन्मलेल्या डॉ. प्रभा अत्रे यांनी विज्ञान व कायदा शिकून संगीताची वाट धरली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता सरगम. मैफलीत गाणाऱ्या गायिकेने आपल्याच गायकीतील एका अंगाची शास्त्रशुद्ध चिकित्सा केली.

विषयासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कार्याचा उगम पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातच झाला. राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यात आणि भोरच्या खोऱ्यांत आता पिठाच्या गिरण्या आहेत. जाते फिरत नाही. ओवीची चाल ज्यांच्या कंठात आहे, त्या आजीबाई थकत चालल्या आहेत. त्या चालींचे स्वर, लय आणि गावागणिक बदलणारी वळणे यांची नोंद करण्यास सुरांची जाण असलेली मुलगी हवी. दुकानातील वहीत राहिलेली नोंद उद्या करता येते. ही नोंद उद्यावर टाकता येणार नाही. म्हणून घराने एवढे करावे: मुलीसोबत पुण्यास जावे, मार्गदर्शकाला भेटावे आणि मगच होय की नाही ते ठरवावे.