वाचणाऱ्याचे हात

कादंबरी वाचणारा माणूस निवांत बसलेला असतो. मी ज्याच्यासाठी लिहिते तो बहुधा उभा असतो. एका हातात पाना, दुसऱ्या हाताला ग्रीस, समोर अडलेलं मशीन आणि पाठीमागे ‘झालं का?’ म्हणून विचारणारा सुपरवायझर. त्याला माझं लेखन वाचायची हौस नसते, हातातलं काम मार्गी लावायचं असतं. दोन ओळी वाचायच्या, एक कृती करायची, पुन्हा पानावर परतून आपली जागा शोधायची, असं त्याचं वाचन तुकड्यातुकड्यांनी चालतं. टेक्निकल रायटिंग, म्हणजे तंत्रलेखन, हा माझा व्यवसाय. वाचणाऱ्याचे हात या घटकेला कुठे आहेत हे ओळखून लिहिणं, हे त्यातलं सगळ्यात अवघड काम आहे.

पुण्याच्या आसपास हा व्यवसाय करणारे पुष्कळ आहेत. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात यंत्रं बनतात, हिंजवडीत सॉफ्टवेअर. दोन्हींसोबत माहितीपुस्तिका, दुरुस्तीच्या सूचना, स्क्रीनवरची मदत, झाकणावरची लेबलं लागतात. माझं बरंचसं काम दवाखाने आणि प्रयोगशाळांतल्या उपकरणांचं. म्हणून त्यातलंच एक साधं उपकरण घेते.

छोट्या हॉस्पिटलात किंवा कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये उभा ऑटोक्लेव्ह असतो. तळाशी पाणी, आत जाळीची टोपली, वर जाड झाकण, ते आवळायला नट, झाकणावर प्रेशर गेज, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि वाफ सोडायचा कॉक. चौरस इंचाला १५ पौंड दाब, १२१ अंश सेल्सिअस तापमान, १५ ते २० मिनिटं वेळ, हे आकडे कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळतात. डिझाइन विभागाकडून येणारा मजकूर साधारण असा असतो: ‘उपकरण बंद करून विहित दाब येईपर्यंत तापविण्यात यावे. निर्जंतुकीकरण पूर्ण झाल्यावर दाब मुक्त करून झाकण उघडण्यात यावे.’ यात एकही विधान चुकीचं नाही. तरीही एवढ्यावर विसंबून कुणी ऑटोक्लेव्ह नीट चालवू शकणार नाही.

अशा वेळी मी टेस्टिंगच्या टेबलापाशी जाऊन उभी राहते. तिथे काम करणाऱ्या एका जुन्याजाणत्या ऑपरेटरने हीटर सुरू केला, पण कॉक उघडाच ठेवला. आधी फुरफुरत, थेंब उडवत वाफ आली. मग तिची सरळ, सलग धार लागली. तरी ते थांबले. बऱ्याच वेळाने त्यांनी कॉक फिरवून बंद केला.

“काका, लगेच का नाही बंद केला?”

“अहो मॅडम, आत हवा असते ना. ती सगळी जायला पाहिजे. हवा राहिली तर काटा पंधरावर जाईल, पण आत ताप चढणार नाही.”

डिझाइनच्या मजकुरात ही पायरी नव्हतीच. त्यामागचं शास्त्र सोपं आहे. गेज एकूण दाब दाखवतो, त्यात वाफेचा वाटा किती आणि हवेचा किती हे तो सांगत नाही. १५ पौंडांना १२१ अंश हे समीकरण निव्वळ वाफेचं. आत हवा कोंडलेली असेल तर काटा बरोबर जागी येतो आणि तापमान कमी पडतं. चालवणारा घड्याळ लावून निघून जातो, जंतू जिवंत राहतात, आणि ती अवजारं निर्जंतुक समजून वापरली जातात. सगळ्यात वाईट बिघाड तो, ज्यात सगळं ठीक दिसतं.

पुस्तिकेत मी ती पायरी अशी लिहिली: ‘वाफ सोडायचा कॉक उघडा ठेवा. वाफेची सलग धार लागली की आणखी ५ मिनिटं थांबा. मग कॉक बंद करा. आत हवा राहिली तर गेजवर १५ दिसेल, पण तापमान १२१ अंशांपर्यंत पोचणार नाही.’ शेवटचं वाक्य ही कृती नाही, कारण आहे. प्रत्येक पायरीचं कारण सांगत बसलं तर पुस्तिकेचा ग्रंथ होतो आणि तो कुणी उघडत नाही. पण घाईतल्या माणसाला जी पायरी गाळावीशी वाटेल, तिथे कारण द्यायलाच हवं. बाहेर पेशंट खोळंबलेत, वाफ तर यायला लागली आहे, मग पाच मिनिटं कशाला थांबा? हा प्रश्न त्याच्या मनात येणार हे आधी ओळखायचं आणि त्याचं उत्तर त्याच जागी ठेवायचं.

दुसरी गोष्ट क्रमाची. ‘झाकण उघडा. मात्र त्याआधी दाब शून्यावर आल्याची खात्री करा.’ टेबलाशी बसून वाचलं तर या दोन वाक्यांत काही गैर दिसत नाही. पण पहिलं वाक्य वाचून होतं तोवर वाचणाऱ्याचा हात नटावर गेलेला असतो. म्हणून अट आधी, कृती नंतर: ‘गेजचा काटा शून्यावर आला की झाकण उघडा.’ आत पातळ पदार्थांच्या बाटल्या असतील तर आणखी एक इशारा त्याच्याही आधी यायला हवा. दाब आपोआप उतरू द्या, कॉक एकदम उघडू नका. बाटलीतलं द्रावण अजून १०० अंशांच्या वर असतं. दाब झटकन काढला की ते उसळून उकळतं, बुचं उडतात, काच तडकते.

शाळेत निबंधात एकच शब्द पुन्हापुन्हा आला की बाई लाल शाईने रेघ ओढायच्या. इथे नेमकं उलटं आहे. एका पानावर झाकण, पुढच्या पानावर कव्हर आणि आकृतीत लिड लिहिलं, तर नवखा माणूस तीन वेगवेगळे भाग शोधत बसतो. एका वस्तूला शेवटपर्यंत एकच नाव. तसंच ‘करण्यात यावे’चं. कुणी करायचं ते त्यात दडून राहतं. ऑपरेटरला वाटतं मेकॅनिक करेल, मेकॅनिकला वाटतं कंपनीचा माणूस येऊन करेल. ‘करा’ म्हटलं की वाचणाऱ्याला कळतं, हे माझं काम.

विमान उद्योगाने ही शिस्त नियमांतच बांधून टाकली आहे. विमानं दुरुस्त करणाऱ्या जगभरच्या अनेक तंत्रज्ञांची मातृभाषा इंग्रजी नसते, आणि पुस्तिका मात्र इंग्रजीत असतात. म्हणून युरोपात १९७० च्या दशकाच्या अखेरीस सोप्या तांत्रिक इंग्रजीवर काम सुरू झालं आणि १९८६ मध्ये तिची नियमावली आली. आज ती ‘एएसडी-एसटीई १००’ या नावाने ओळखली जाते. सूचनेचं वाक्य २० शब्दांपेक्षा लांब नको, वर्णनाचं २५ पेक्षा नको, मान्य केलेल्या शब्दाचा एकच अर्थ धरायचा, असे तिचे दंडक आहेत. त्यातला पहिला दंडक मी मराठीलाही लावून पाहते. मराठीत वीस शब्दही जास्त होतात. क्रियापद शेवटी येत असल्यामुळे लांब वाक्यात काय करायचं तेच सगळ्यात उशिरा कळतं. बारा-चौदा शब्दांत आटोपलेलं बरं.

धोक्याच्या सूचनांचं तारतम्य हाही स्वतंत्र अभ्यासाचा विषय. अमेरिकेच्या एएनएसआय मानकांनी त्यांच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच असेल तिथे ‘डेंजर’, होऊ शकत असेल तिथे ‘वॉर्निंग’, किरकोळ ते मध्यम इजेची शक्यता असेल तिथे ‘कॉशन’, आणि फक्त वस्तूचं नुकसान होणार असेल तिथे ‘नोटिस’. विक्रीनंतरच्या कटकटी टाळायच्या म्हणून कंपन्यांना प्रत्येक पानावर लाल चौकट हवी असते. मी अडून बसते. ‘ओल्या फडक्याने पुसू नका’ आणि ‘दाबाखाली झाकण उघडू नका’ या दोन्हींना सारखीच चौकट दिली, तर वाचणारा दोन्हींकडे सारखंच दुर्लक्ष करायला शिकतो.

या व्यवसायात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुला-मुलीला मी थेरॅक-२५ ची हकीकत सांगते. कॅनडाच्या एईसीएल या सरकारी कंपनीने बनवलेलं ते कॅन्सरवर किरणोपचार करणारं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिला. १९८६ च्या मार्चमध्ये टेक्सासमधल्या टायलर गावच्या केंद्रात ऑपरेटरच्या स्क्रीनवर अक्षरं उमटली: ‘मालफंक्शन ५४’. ऑपरेटरच्या पुस्तिकेत अशा क्रमांकांचा अर्थ दिलेलाच नव्हता. हे यंत्र असे निरोप वरचेवर दाखवायचं, आणि ‘पी’ हे बटण दाबलं की काम पुढे चालू व्हायचं. तिने नेहमीप्रमाणे ‘पी’ दाबलं. पुढच्याच महिन्यात त्याच केंद्रात दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत तोच क्रमांक पुन्हा दिसला. ते दोन्ही रुग्ण दगावले.

मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये होता. आधीच्या मॉडेलमध्ये असलेली यांत्रिक सुरक्षा काढून टाकणं हाही दोष होता. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये त्याची सविस्तर चिकित्सा प्रसिद्ध केली आहे. पण मला त्यात राहून राहून ती ऑपरेटर दिसते. तिच्यापुढे एक आकडा आहे, हाताशी पुस्तिका आहे, आणि पुस्तिका गप्प आहे. ‘५४ दिसल्यास उपचार थांबवा, रुग्णाला टेबलावरून उतरवा’ एवढं एक वाक्य लिहायला कुणीतरी अभियंत्यांना विचारायला हवं होतं: हा आकडा दिसला तर समोरच्या माणसाने काय करायचं?

हे विचारणंच आमचं मुख्य कौशल्य. यंत्र घडवणाऱ्याला ते इतकं ठाऊक असतं की न ठाऊक असणं म्हणजे काय, हे त्याला आठवत नाही. ‘मॅडम, हे कुणालाही कळेल’ असं अभियंता म्हणाला की मी वही उघडते, कारण पायरी तिथेच गळलेली असते. ‘नट थोडा सैल करा’ म्हणजे किती? पाव फेरा की पूर्ण? ‘पाणी पुरेसं भरा’ म्हणजे कुठल्या खुणेपर्यंत? ‘गरम झाल्यावर’ म्हणजे कशावरून ओळखायचं? कधीकधी समोरचा वैतागतो. पण टेबलावर त्याने माझ्यावर वैतागलेलं बरं, नाहीतर पुढे मध्यरात्री एखादी नर्स त्या यंत्रावर वैतागणार असते.

मसुदा झाला की तपासणीला जातो आणि बहुतेक वेळा ‘ओके’ एवढाच शेरा घेऊन परत येतो. त्या ओकेवर मी भरवसा ठेवत नाही. यंत्र कधी न हाताळलेल्या माणसाच्या हाती मसुदा देते आणि बाजूला गप्प उभी राहते. बोट कुठल्या ओळीवर अडलं, मान कितीदा पानाकडे वळली, हात चुकून कुठे गेला, हे टिपून घेते. तोंडातून ‘अहो, तो नाही, डावीकडचा’ निघू द्यायचं नाही, हा सगळ्यात कठीण संयम. पुस्तिका विकत घेणाऱ्याला माझा आवाज मिळणार नसतो.

पुस्तिका छपाईला जाण्याच्या आठवड्यात व्हॉल्व्ह बदलतो, स्विच डावीकडून उजवीकडे जातो. एक आकडा बदलला की तो कुठेकुठे आलाय ते शोधावं लागतं. म्हणून आता आम्ही मजकूर सुट्या घटकांत लिहितो आणि एकच घटक अनेक पुस्तिकांत वापरतो. ‘डिटा’ नावाचं त्यासाठीचं मानक २००५ पासून रूढ आहे. साधनं शिकता येतात, महिन्या-दोन महिन्यांत हात बसतो. एआयकडून आता शुद्ध भाषेतला मसुदा काही सेकंदांत मिळतो, मीही तो घेते. पण कॉक उघडा ठेवून थांबलेल्या माणसाला ‘का?’ विचारायला तिथे कुणीतरी उभं असावं लागतं. मसुद्यात नसलेली पायरी मसुदा कितीही वाचला तरी सापडत नाही.

आणि आता मनातलं. युरोपीय संघाच्या २००६ च्या यंत्रविषयक निर्देशानुसार, यंत्र ज्या देशात विकायचं तिथल्या अधिकृत भाषेत त्याच्या सूचना द्याव्या लागतात. त्यामुळे आपल्या इथे बनलेलं यंत्र जर्मनीला जातं तेव्हा त्यासोबत जर्मन पुस्तिका जाते. तेच यंत्र साताऱ्याला किंवा नांदेडला जातं तेव्हा बहुतेकदा इंग्रजी पुस्तिका जाते, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कपाटात राहते. १९४८ च्या कारखाना कायद्याने, कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीसोबत बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही असाव्यात असं सांगितलं होतं. भिंतीवरच्या सूचनेला लावलेला हा न्याय हातातल्या पुस्तिकेला का नको?

मराठीत हे लेखन जमणार नाही, असं कुणी म्हणू नये. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून वाटी-चमच्याच्या मापांत पाककृती सांगितल्या आणि स्वयंपाकाची सवय नसलेल्या कितीतरी घरांत त्या पुस्तकावरून पदार्थ नीट झाले. तेही उत्तम तंत्रलेखनच आहे. गेज, कॉक, व्हॉल्व्ह हे शब्द कारखान्यातल्या प्रत्येकाच्या तोंडी आहेत. ते तसेच ठेवावेत आणि त्यांच्याभोवतीचं वाक्य मराठी असावं.

म्हणून यंत्र बनवणाऱ्यांना माझी विनंती आहे: पुस्तिकेचं काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, लिहिणाऱ्याला पहिल्या चाचणीला बोलवा. आणि वाचकांनो, तुमच्या दवाखान्यासाठी, शेतासाठी, कारखान्यासाठी यंत्र घ्याल, तेव्हा किमतीत घासाघीस करण्याआधी मराठी पुस्तिका मागा. नाही म्हणाले तर पुन्हा मागा. यंत्र तुमचा माणूस चालवणार आहे. सूचना त्याच्या भाषेत मिळणं हा त्याचा हक्क आहे.