तळ्याच्या जागी मैदान

मुलांनो, कोल्हापूर म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, तांबडा-पांढरा रस्सा आणि कुस्ती. बरोबर! पण थंडी पडल्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथल्या पेठांतून फिरलात, तर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय ऐकू येईल – फुटबॉल.

माझे मामा मंगळवार पेठेत राहतात. मामींचं माहेर शिवाजी पेठेत. दोन्ही पेठा एकमेकींना लागूनच, पण मामा पाटाकडील तालमीचे, तर मामी खंडोबा तालमीच्या. या दोन संघांची गाठ पडली की त्या दिवशी आमटी खारट होते, असं मामा म्हणतात. (होत नाही. मी खाऊन पाहिलीय.)

आता तालीम म्हणजे खरं तर कुस्तीचा आखाडा. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, पेठापेठांत तालमी घुमू लागल्या. पुढे याच तालमींच्या नावांनी फुटबॉलचे संघ उभे राहिले. दिलबहार, बालगोपाल, संध्यामठ ही नावं ऐका, फुटबॉलची वाटतात का? कॉलेजात जाणारा पोरगा आणि दुकानात काम करणारा पोरगा इथे एकाच रंगाचा टी-शर्ट घालून खेळतात. अलीकडे तर परदेशी खेळाडूही या तालमींकडून खेळून गेले आहेत.

सामने होतात ते शाहू स्टेडियमवर. या जागी पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं, ते बुजवून मैदान झालं. जवळच १९१२ सालचं खासबाग कुस्ती मैदान आहे. आम्ही भडंगाची पुडी घेऊन पायऱ्यांवर बसलो. ऊन असं, की पायरी चटके देत होती. कुणाला पर्वा नव्हती! चेंडू गोलाजवळ गेला की सगळ्या पायऱ्या एकदम उभ्या राहायच्या. नियम मला फारसे कळत नाहीत, पण उभी मीही राहत होते.

एका संघाचा गोलकीपर मामांच्याच गल्लीतला, बी. कॉम.ला शिकणारा. संघ कोणता ते सांगत नाही, कारण पुढचं फार चांगलं नाही. शेवटच्या दहा मिनिटांत त्याच्यावर गोल झाला आणि कुठून तरी पाण्याची बाटली मैदानात आली. मग दुसरी. मग मोजताच येईनात. पंचांनी खेळ थांबवला. इतका वेळ ओरडणारे मामा एकदम गप्प झाले.

“काय झालं हो मामा?”

“असंच वाढत गेलं, तर अख्खा हंगाम बंद पडतोय. पडलाय याआधी. पोरं वर्षभर पळत्यात, आन् बाटली फेकणारा घरी जाऊन जेवतोय.”

तेवढ्यात तो गोलकीपर हातमोजे काढून एकटाच बाटल्या गोळा करू लागला. दुसऱ्या संघाचा एक खेळाडूही आला. दोघांनी मिळून बाटल्या कडेला टाकल्या. पायऱ्यांवरचा गोंगाट हळूहळू उतरला आणि खेळ पुन्हा सुरू झाला. त्याचा संघ हरला तो हरलाच.

२०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. भारताच्या त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याचं नाव काढलं की गल्लीतली बारकी पोरं छाती पुढे काढतात. अनिकेतसारखं खेळायचं तर आधी सामने व्हायला हवेत ना?

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एस.टी. गाठायला निघाले, तेव्हा तो गोलकीपर गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर चेंडू मारून झेलत होता. मामी दूध आणायला बाहेर पडल्या होत्या.

“काल लागलं का रे कुठं?” त्यांनी विचारलं.

“न्हाई काकू. शनिवारी मॅच हाय. होणार म्हणत्यात.”

“मग येतो की आम्ही,” मामी म्हणाल्या.