खांद्यातली कळ

वैद्यकाच्या व्यवसायात ज्या तपासण्या नित्याच्या होऊन बसल्या आहेत, त्यांच्या पोटी क्वचित उद्भवणारे अपाय बहुधा त्या करणाऱ्या शहरातील निष्णात हातांसमोर प्रकट होत नाहीत. रुग्ण गावी परततो, भाकरतुकडा खातो, रात्र उलटते, आणि मग हे अपाय पारनेरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी, जवळच्या डॉक्टरच्या दारात येऊन उभे राहतात.

मोठ्या आतड्याची दुर्बिणीने केलेली तपासणी घ्या. तीत आतड्याला छिद्र पडण्याचे भय सर्वज्ञात आहे. परंतु डाव्या फासळ्यांखाली आतड्याच्या वळणाशी बंधांनी जखडलेली, सुमारे १५० ग्रॅम वजनाची, रक्ताने भरलेली पानथरी दुर्बीण त्या वळणावरून पुढे सारताना ताण बसून फाटू शकते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वैद्यकीय वाङ्मयात या अपायाची नोंद १९७४पासून आढळते. पूर्वीच्या शस्त्रक्रियेने आतील भाग एकमेकांस चिकटले असतील, तर धोका अधिक.

अशी तपासणी आदल्या दिवशी करून आलेला एक शेतकरी माझ्यासमोर बसला, तेव्हा त्याची मुख्य तक्रार पोटाची नव्हतीच. "डॉक्टरसाहेब, डाव्या खांद्यात उसण भरलीय, चोळायला काहीतरी द्या," एवढेच त्याचे म्हणणे. खांदा सर्व बाजूंनी फिरवून पाहिला, दुखणे तिळभर वाढले नाही. उताणा निजवताच मात्र तो कळवळला. फाटलेल्या पानथरीचे रक्त श्वासपटलाखाली साचते, आणि श्वासपटलाची व खांद्याची संवेदना मानेतील त्याच मज्जामुळांतून जात असल्याने वेदना खांद्याची भासते. जर्मन शल्यविशारद हान्स केर यांच्या नावाने हे लक्षण ओळखले जाते. तपासणीनंतरचा गुबारा वारा सरला की उतरतो. ही कळ उतरत नाही, आणि रक्तदाब शाबूत असतानाच नाडी भराभर चालू लागते. जाड सुईने सलाईन लावले, तपासणीची तारीख-वेळ चिठ्ठीवर ठळक लिहिली आणि स्कॅनची व रक्ताची सोय होती तेथे त्याला तातडीने रवाना केले. पानथरीला चीर गेली होती. रक्त देऊन, देखरेखीखाली ठेवून, पोट न उघडता तो सावरला.

असा अपाय दरवेळी टाळता येईल असे नाही. तो वेळीच ओळखला जाण्याची तजवीज मात्र खचित करता येते. रजा देतानाच्या कागदावर, पोट अथवा खांदा दुखल्यास, चक्कर आल्यास कोठे व किती तातडीने जावे, याचा शेरा रुग्णाला वाचता येईल अशा मराठीत असलाच पाहिजे, आणि आम्ही तालुक्याच्या डॉक्टरांनी, दुखणे कितीही किरकोळ दिसो, "आठ-पंधरा दिवसांत कुठे काही तपासणी केली होती का?" हे विचारल्यावाचून मलमाची चिठ्ठी लिहिता कामा नये.